टचअपच्या रंगाचे उंचवटे सपाट कसे करावेत?



आजच्या पत्रकाचा विषय पिकाचा नाही आणि जनावरांचाही नाही. विषय आहे तुमच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचा. ती मोटार असेल, जीप असेल, नाहीतर ट्रॅक्टर असेल. बैलाच्या खांद्याला जखम झाली तर आपण लगेच हळद-तेल लावतो. पण गाडीच्या पत्र्यावरचा रंग उडाला तर म्हणतो, "चालतंय की, इंजिन तर ठणठणीत आहे." मग कधीतरी मनात येते आणि डबीतला रंग ब्रशने थापून मोकळे होतो. तो रंग वाळला की जागोजागी टेंगळं दिसतात. ही टेंगळं का येतात, ती सपाट कशी करायची आणि मुळात येऊच नयेत म्हणून काय करायचे, ते या पत्रकात सांगितले आहे.

आधी एक हकीकत ऐका. आमच्या माहितीतल्या एका शेतकऱ्याच्या विहिरीचे काम अर्ध्यावर थांबले होते. पैसा उभा करायला त्यांनी ट्रॅक्टर विकायला काढला. ट्रॅक्टर चांगला होता. कुठे उलटला नव्हता की कुठे धडकला नव्हता. फक्त बांधावरच्या बाभळीच्या फांद्यांनी बॉनेटवर आणि मडगार्डवर ओरखडे पडले होते. गिऱ्हाईक येणार म्हणून आदल्या दिवशी त्यांनी रंगाची डबी आणली आणि प्रत्येक ओरखड्यावर जाड रंग ओढला. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आले. त्याने इंजिन सुरू करायच्या आधी बॉनेटवरून तळहात फिरवला. हाताला जागोजागी उंचवटे लागले. त्याने विचारले, "गाडी पलटी झाली होती का हो?" यांनी नाही म्हणून सांगितले, पण एकदा मनात शंका शिरली की ती निघत नाही. किंमत पाडून मागितली गेली आणि अडलेल्या माणसाने ती घेतली. ओरखडे तसेच ठेवले असते तर एवढे नुकसान झाले नसते. अर्धवट झाकलेल्या ओरखड्यांनीच घात केला.

म्हणून हे काम नीट समजून घ्या. अवघड काही नाही, फक्त घाई चालत नाही.

रंग कशासाठी असतो?

रंग शोभेसाठी असतो, पण त्याहून जास्त तो पत्र्याच्या रक्षणासाठी असतो. लोखंडाला हवा आणि ओल एकत्र मिळाली की गंज चढतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो आतून फुगतो आणि शेजारचा चांगला रंगही उचलून धरतो. मग पोपडे निघतात, त्यांच्याखाली पुन्हा ओल शिरते आणि गंज पुढे सरकतो. आज ज्वारीच्या दाण्याएवढा दिसणारा डाग दोन पावसाळ्यांत तळहाताएवढा होऊ शकतो.

आपल्या गाड्यांना त्यात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खत. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते आणि त्याने गंजण्याची क्रिया जोरात होते. खताची पोती वाहिल्यावर ट्रॉली आणि मडगार्ड धुतले नाहीत तर रंग उडालेल्या जागी खत चिकटून बसते आणि ओल धरून ठेवते. शेणाचेही तसेच. कोकणपट्टीत आणि गोव्यात खारी हवा हेच काम करते. म्हणून टचअपच्या आधी पहिली सवय लावा : खत किंवा शेणखत वाहिले की त्याच दिवशी गाडी साध्या पाण्याने धुवा.

उंचवटे का येतात?

डबीतल्या रंगात दोन गोष्टी असतात. एक, प्रत्यक्ष रंग आणि त्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. दुसरी, तो पातळ ठेवणारे द्रावण, म्हणजे थिनर किंवा टर्पेंटाइन. ब्रश फिरवल्यावर द्रावण उडून जाते आणि रंग आकसतो. म्हणून काठोकाठ भरलेला खड्डा वाळल्यावर पुन्हा खोल दिसतो. ते पाहून आपण त्यावर आणखी जाड रंग ओततो आणि तो खड्ड्याबाहेर पसरतो. तिथेच उंचवटा तयार होतो.

दुसरे कारण थेंबाचा स्वभाव. पाण्याचा थेंब जसा पानावर फुगून बसतो, तसाच रंगाचा थेंबही मध्ये फुगीर बसतो. तिसरे कारण काठाचे. पाटावर सांडलेला चहाचा थेंब वाळला की कडेला गडद रेघ उमटते. कडेचा भाग आधी वाळतो आणि मधला रंग कडेकडे ओढला जातो. रंगाचा काठ जाड होतो तो यामुळेच.

याशिवाय उभ्या पत्र्यावर जास्त रंग लावला की ओघळ येतो. ब्रशचे केस राठ असले की रेघोट्या उमटतात. वाऱ्यात काम केले की भुसा आणि धूळ चिकटून खडबडीतपणा येतो.

डोळ्याला हे इतके खुपते कारण चकचकीत रंग हा एक प्रकारचा आरसाच असतो. सपाट जागेवरून उजेड सरळ परततो, उंचवट्यावरून वाकडातिकडा परततो. म्हणून कागदाच्या जाडीचा उंचवटाही लांबून दिसतो.

तुमच्या गाडीचा रंग कोणत्या जातीचा?

कामाला हात घालण्याआधी हे ओळखा. जमीन न पाहता खत देऊ नये, तसेच हे आहे.

बऱ्याच ट्रॅक्टर-ट्रॉलींवर आणि जुन्या जीपवर एकाच जातीचा रंग असतो. वरपासून प्रायमरपर्यंत सगळा रंगच. हल्लीच्या मोटारींवर मात्र रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. त्याला गॅरेजवाले क्लिअर कोट किंवा लॅकर म्हणतात. चमक असते ती या वरच्या थराची.

ओळखायचे कसे? एखाद्या कोपऱ्यात पांढऱ्या फडक्याने थोडे रबिंग कंपाउंड चोळा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर तो एकेरी रंग समजा. फडक्यावर रंग आला नाही तर वर पारदर्शक थर आहे.

हे कळणे का महत्त्वाचे? मोटारीवर कारखान्यात दिलेल्या सगळ्या थरांची जाडी मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. १००० मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर. म्हणजे सगळे मिळून पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षाही कमी. त्यात वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा, आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. जास्त घासले की तो संपला आणि मग नवीन दुखणे. म्हणून नियम असा : घासायचा तो आपण लावलेला उंचवटा, कंपनीचा रंग नव्हे.

रंगात चांदीसारखी चमकी असेल, म्हणजे मेटॅलिक रंग असेल, तर अधिक जपा. चमकीचा थर घासला की तिथे वेगळाच डाग पडतो आणि तो पॉलिशने जात नाही. अशा गाडीला रंग पत्र्याच्या पातळीपेक्षा थोडा खालीच भरावा, त्यावर पारदर्शक थर द्यावा आणि फक्त तो वरचा थर घासून सपाट करावा.

सामान काय लागेल?

१. वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर. नंबर १०००, १५०० आणि २०००. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक, हे विसरू नका. गंज काढायला १२० किंवा १८० नंबरचा एक वेगळा घ्या.

२. कागद गुंडाळायला लहान सपाट ठोकळा. जुन्या रबरी चपलेचा तुकडा चालतो. अगदी लहान ठिपक्यासाठी मुलांचे खोडरबर उत्तम.

३. दोन बादल्या स्वच्छ पाणी आणि थोडा साबण.

४. मास्किंग टेप, म्हणजे कागदी चिकटपट्टी.

५. गाडीच्याच रंगाची डबी, प्रायमर आणि रंगाला चालेल तेच थिनर.

६. बारीक ब्रश. चित्रकलेचा चालतो. एकेका ठिपक्यासाठी आगपेटीची काडी टोकदार करून घेतली तरी भागते.

७. रबिंग कंपाउंड, पॉलिश आणि जुन्या धोतराचे मऊ धुतलेले तुकडे.

या वॉटर पेपरची गंमत सांगतो. पूर्वी रंग कोरडाच घासत आणि कारागिरांच्या छातीत धूळ जात असे. १९२१ साली अमेरिकेत थ्री-एम कंपनीने पाण्यात न विरघळणारा पॉलिश पेपर बाजारात आणला, तो मोटारींच्या रंगकामात लगेच रुळला. मास्किंग टेपही त्याच कंपनीतली. रिचर्ड ड्रू यांनी १९२५ साली ती तयार केली. दुरंगी मोटारी रंगवताना दोन रंगांची सीमा सरळ येत नव्हती, त्यावरचा तो उपाय होता. म्हणजे ही दोन्ही साधने जन्मली ती मोटारीच्या रंगासाठीच.

थिनरबद्दल सावध राहा. सिंथेटिक इनॅमल रंगाला टर्पेंटाइन लागते. त्यात किंवा त्यावर एनसी थिनर पडले तर खालचा रंग उकलतो आणि दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. डबीवर जे लिहिले असेल तेच घ्या. दुकानदाराला डबी दाखवून विचारा.

रंग जुळवताना जुन्या पत्र्याचा विचार करा. वर्षानुवर्षे उन्हात राहिलेला रंग फिका पडतो, वर पांढरट पूड धरतो. त्याच्याशेजारी नवा रंग गडद दिसतो. म्हणून आधी आसपासची जागा धुऊन हलक्या हाताने कंपाउंड फिरवा. खालचा खरा रंग वर आला की फरक बराच कमी होतो. जिथे ऊन लागत नाही अशा जागी रंगाचा ठिपका लावून, वाळवून पाहा. ओला रंग पाहून निर्णय घेऊ नका.

पहिला भाग : रंग असा लावा की टेंगूळ येणारच नाही

वेळ सकाळची निवडा. दव उडालेले असावे, पत्रा तापलेला नसावा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग टेकवताच सुकतो आणि पसरत नाही. पावसाळी दमट हवेत काही रंगांवर पांढरट झाक येते. खळ्याच्या किंवा रस्त्याच्या कडेला काम करू नका. गोठ्याच्या पडवीत किंवा झाडाच्या दाट सावलीत गाडी लावा आणि भोवतालच्या जमिनीवर पाणी शिंपडा, म्हणजे धूळ बसेल.

जागा साबणाच्या पाण्याने धुवा. ग्रीस, डिझेल राहता कामा नये, कारण तेलकट जागी रंग धरत नाही. गंज असेल तर तो जाड कागदाने पूर्ण काढा, पांढरे लोखंड दिसेपर्यंत. गंजावर रंग म्हणजे पिकलेल्या गळवावर पट्टी. आत चाललेले थांबत नाही. उडालेल्या रंगाचा काठही घासून उतरता करा. शेताला जसा उतार असतो तसा. पायरी ठेवू नका.

उघड्या लोखंडावर आधी प्रायमर लावा. ट्रॅक्टर-ट्रॉलीला रेड ऑक्साइड प्रायमर चालतो. तो पूर्ण वाळू द्या. खड्डा खोल असेल तर लांबी, म्हणजे पुट्टी, पातळ भरून घासून घ्या आणि त्यावर पुन्हा प्रायमर द्या.

मग रंग. डबी चांगली ढवळा, तळाचा गाळ वर आला पाहिजे. ब्रशच्या फक्त टोकाला रंग घ्या. ओरखड्याच्या आतच रंग भरा, बाहेर पसरवू नका. एका वेळी पातळ थर. तो वाळला, आकसला की दुसरा. मग तिसरा. डबीवर दोन थरांमधली वेळ दिलेली असते, ती पाळा. शेवटचा थर वाळल्यावर तो आजूबाजूपेक्षा किंचित वर राहील एवढेच भरायचे. हा किंचितसा उंचवटाच आपण नंतर घासून काढणार आहोत.

रंग बाहेर सांडला तर ओला असतानाच, योग्य थिनरने किंचित ओल्या केलेल्या फडक्याने पुसून घ्या. वाळल्यावर काढण्यापेक्षा ते फार सोपे आहे.

दुसरा भाग : थांबा

या कामात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. रंग हाताला कोरडा लागला म्हणजे तो आत वाळला असे नाही. सिंथेटिक इनॅमल हवेतल्या प्राणवायूने वरून आत घट्ट होत जाते. वर साय धरते, आत मऊच राहते. असा रंग घासला तर तो सोलून निघतो किंवा कागदाला चिकटून गोळे होतात.

पातळ थराचे इनॅमल असेल तर निदान एक-दोन आठवडे थांबा. थर जाड असेल तर त्याहून जास्त. मोटारीच्या लहान बाटलीतला टचअप रंग लवकर वाळतो, तरी त्यालाही आठवडाभर द्या. आडबाजूच्या एखाद्या ठिपक्यावर नख दाबून पाहा. खूण उमटली किंवा जवळून रंगाचा वास आला तर अजून वेळ आहे. विकायची गाडी असेल तर महिनाभर आधी कामाला लागा, बाजाराच्या आदल्या दिवशी नाही.

तिसरा भाग : उंचवटा सपाट करणे

पायरी १. गाडी धुवा. वाळूचा एक कण कागदाखाली आला तर नवा ओरखडा तयार. कागद दहा-पंधरा मिनिटे पाण्यात भिजत ठेवा. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका.

पायरी २. उंचवट्याच्या चारही बाजूंना चिकटपट्टी लावा. पट्टीमुळे कंपनीचा रंग वाचतो. पट्टी घासली जाऊ लागली की समजायचे, उंचवटा पट्टीच्या उंचीपर्यंत आला. मग पट्टी काढा आणि पुढचे काम बारीक कागदाने करा.

पायरी ३. १००० नंबरचा कागद ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटाने घासू नका. बोट मऊ असते, ते उंचवट्याबरोबर खालच्या भागातही शिरते आणि उलट खळगा पडतो. ठोकळा फक्त उंच भागावर टेकतो. जमीन सपाट करायला आपण फळी फिरवतो, खुरपे फिरवत नाही, तसेच हे.

पायरी ४. हलक्या हाताने, सरळ रेषेत, पुढे-मागे. गोल फिरवू नका. दहा वेळा घासले की थांबा, पाणी टाका, फडक्याने पुसा आणि तिरप्या उजेडात पाहा. घासलेला उंच भाग मंद दिसेल, खोलगट भाग अजून चमकत असेल. ही चमक म्हणजे तुमची खूण. चमकणारे ठिपके कमी कमी होत जातील.

पायरी ५. उंचवटा जवळजवळ बसला की १५०० नंबर घ्या. पट्टी काढा. पाणी भरपूर ठेवा. डोळे मिटून बोट फिरवा. बोटाला काठ लागला नाही की काम झाले. नंतर २००० नंबरने आधीचे चरे काढा. कागद बदलताना पहिल्या बादलीतले पाणी वापरू नका. त्यात जाड कण असतात.

पायरी ६. आता जागा पांढरट, मंद दिसेल. घाबरू नका. रंग गेलेला नाही, फक्त बारीक चरे उजेड विस्कटत आहेत. ओलसर फडक्यावर थोडे रबिंग कंपाउंड घ्या आणि चोळा. कंपाउंडमध्येही बारीक घासणारी भुकटीच असते. ती कागदाचे चरे आणखी बारीक करते आणि चमक परत येते. मग स्वच्छ फडक्याने पॉलिश. मेणाचे पॉलिश मात्र नव्या रंगावर महिना-दीड महिना लावू नका. आतले उरलेले द्रावण बाहेर पडायला वाट हवी.

ओघळ आला असेल तर? त्याची पूर्ण वाळलेली फुगीर धार दाढीच्या नव्या पात्याने अगदी हलकेच खरवडून खाली आणता येते. दोन्ही बाजूंना पट्टी लावून, पाते उभे धरून, एकेक पापुद्रा. हात स्थिर नसेल तर पात्याच्या नादी लागू नका. कागदानेच काम करा. वेळ लागेल, पण सुरक्षित.

केव्हा थांबायचे?

घासताना वेगळा रंग दिसू लागला, प्रायमर डोकावला, की लगेच थांबा. पुढे घासून ते सुधारत नाही. ती जागा धुऊन, वाळवून पुन्हा पातळ रंग द्यावा लागतो. बॉनेटच्या कडा, दरवाज्याची धार, पत्र्याची घडी अशा ठिकाणी रंग मुळातच पातळ असतो, म्हणून तिथे ठोकळा नेऊ नका. आणि अगदी शंभर टक्के सपाट व्हायलाच हवे असा हट्ट धरू नका. दोन हात लांबून दिसत नाही एवढे झाले की पुरे. शेवटच्या थोड्याशा हव्यासापायी चांगला रंग घालवणारे पुष्कळ असतात.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबरच्या जागी ना कागद लावायचा ना रंग. पुढे नोंदणीच्या किंवा विक्रीच्या वेळी तो नंबर वाचता आला पाहिजे. आणि टचअप न करता गाडीचा मूळ रंगच बदलायचा असेल तर त्याची नोंद आरटीओकडे करावी लागते.

जिवाची काळजी

थिनर, टर्पेंटाइन आणि पेट्रोल यांची वाफ आग पकडते. चूल, विडी, कंदील, वेल्डिंग यांच्या जवळ डबी उघडू नका. बंद खोलीत काम करू नका. तेलकट रंगाचे बोळे ढीग करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतात. मोकळ्यावर पसरून वाळवा.

जुन्या रंगात शिसे असू शकते आणि शिसे लहान मुलांना फार घातक. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी दहा लाख भागांत ९० भाग शिसे अशी मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, पण तुमच्या गाडीवरचा रंग त्या आधीचा किंवा दुसऱ्या जातीचा असू शकतो. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका. ओला करून घासा, नाका-तोंडाला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. ते पाणी जनावरांच्या हौदाजवळ किंवा विहिरीच्या काठावर ओतू नका. हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

हार्डनर मिसळून मारायचा दोन डब्यांचा रंग घरी फवारू नका. त्याची बारीक फवार फुप्फुसाला इजा करते, साधा रुमाल तिला अडवत नाही. आणि औषध फवारणीचा पंप रंगासाठी वापरू नका. ना पंप कामाचा राहील, ना रंग नीट बसेल.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : टूथपेस्टने उंचवटा जातो म्हणतात, खरे का?
उत्तर : टूथपेस्टमध्ये बारीक भुकटी असते, त्यामुळे वरवरचे पुसट चरे थोडे कमी दिसतात. उंचवटा मात्र जात नाही. त्याला ठोकळा आणि कागदच हवा.

प्रश्न : प्लॅस्टिकच्या बंपरवर हीच रीत चालेल का?
उत्तर : घासण्याची रीत हीच. प्लॅस्टिक गंजत नाही, पण त्याला रंग धरायला प्लॅस्टिकचा वेगळा प्रायमर लागतो. तो नसेल तर रंग पापुद्र्यासारखा निघतो.

प्रश्न : पत्र्याला भोक पडले आहे, लांबी भरून रंग दिला तर?
उत्तर : असे करू नका. लांबीखाली गंज चालूच राहतो. भोक पडलेला पत्रा कापून नवा तुकडा जोडावा लागतो. ते गॅरेजवाल्याचे काम. डिझेलच्या टाकीजवळ वेल्डिंग तर जाणत्या माणसाशिवाय करूच नये.

प्रश्न : आख्खे मडगार्ड खराब झाले आहे, ब्रशने रंगवू का?
उत्तर : शेतात राबणाऱ्या ट्रॉलीला ब्रश चालेल. ट्रॅक्टरचे बॉनेट किंवा मोटारीचा दरवाजा पूर्ण रंगवायचा असेल तर स्प्रे करणाऱ्या पेंटरकडे द्या. मोठ्या जागेवर ब्रशच्या रेघा घासून काढण्यातच मजुरी जाते.

थोडक्यात लक्षात ठेवा

• खत-शेण वाहिले की गाडी त्याच दिवशी धुवा.
• गंज पूर्ण काढा, मग प्रायमर, मग रंग.
• एक जाड थर नको, तीन पातळ थर द्या.
• इनॅमल असेल तर एक-दोन आठवडे वाळू द्या. नखाची खूण उमटता कामा नये.
• १०००, १५००, २००० नंबरचा ओला कागद, ठोकळ्यावर, हलक्या हाताने.
• दहा वेळा घासा, पुसा, पाहा. वेगळा रंग दिसला की थांबा.
• शेवटी कंपाउंड. मेण महिना-दीड महिन्याने.

आणि एक शेवटचे. हे सगळे शिकायचे ते पत्रा टिकावा आणि चांगल्या गाडीला उगाच नाव पडू नये म्हणून. खरोखर उलटलेली गाडी सपाट रंगाखाली लपवण्यासाठी नव्हे. गाडी विकताना झाले-गेले असेल ते गिऱ्हाईकाला सरळ सांगा. सांगितलेला दोष एकदा किंमत कमी करतो. लपवलेला दोष उघडा पडला तर पंचक्रोशीत तुमचा शब्द कमी होतो, आणि त्याला टचअप नाही.

पहिल्यांदा बॉनेटवर हात चालवू नका. ट्रॉलीच्या मागच्या फळक्यावर एका ठिपक्यावर शिकून घ्या. हात बसला की मग पुढे या. पत्रक जपून ठेवा, शेजाऱ्यालाही वाचायला द्या. रामराम.